अपिलाआधीचे साडेसात टक्के

बारामतीत वकिली सुरू करून मला सहा वर्षं झाली होती आणि करांच्या कायद्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या दिवसांत सणसरचे एक आबा ऑफिसात आले. साठीचे गृहस्थ, उसाच्या ट्रॉल्यांचं वर्कशॉप. जीएसटी येऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याआधीच्या काळातली एक्साइज ड्यूटी, म्हणजे नवा माल बनवण्यावरचा कर, भरा, असा आदेश त्यांना आला होता.

"आमी नुसती दुरुस्ती करतो," आबा म्हणाले. "नवी ट्रॉली कुठं बनवतो?"

अपील करायचं होतं. त्यासाठी मागितलेल्या ड्यूटीच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती भरल्याशिवाय अपील कुणी ऐकत नाही. हे सांगितल्यावर आबा लगेच म्हणाले, "मग भरू की."

मी त्यांना थांबवलं. "कायद्यात तसं आहे, पण हायकोर्ट सूट देऊ शकतं. आपण मुंबईला जाऊ."

आबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "तुमी म्हणताय तर बरोबरच असंल."

खरं कारण वेगळं होतं. मला हायकोर्टात उभं राहायचं होतं. जळोचीत आमच्या आळीतून तिथवर कुणी गेलं नव्हतं. मी सूट दिल्याचे नऊ जुने निकाल शोधले. ही रक्कम भरली तर वर्कशॉपला टाळं लागेल, असं याचिकेत डोळ्यांत पाणी येईल अशा इंग्रजीत लिहिलं. मी बोट ठेवलं तिथं आबांनी सह्या केल्या. आठवडाभर मी बाथरूममध्ये भाषणाची तालीम केली. बायकोनं एकदा दार वाजवून विचारलं, "आत कोण आहे तुमच्याबरोबर?"

सुनावणीच्या दिवशी आमचा नंबर दुपारच्या सुट्टीआधी पुकारला गेला. मी पहिलं वाक्य पूर्ण केलं, तोवर न्यायमूर्तींचे माझे नऊ निकाल चाळून झाले होते.

"हे सगळे कायदा बदलण्याआधीचे आहेत ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

होते. पूर्वी ही रक्कम माफ करता येत होती. नंतर कायद्यात दुरुस्ती आली आणि तो अधिकार काढून घेतला गेला. ती दुरुस्ती मी वाचली होती, पण माझ्या सोयीची नव्हती म्हणून लक्षात ठेवली नव्हती. "होय," एवढंच मी म्हणालो. माझं वीस मिनिटांचं भाषण तिथंच संपलं.

"निदान अशिलाला खरंच परवडत नाही का?" असं म्हणून त्यांनी माझ्या मागं बसलेल्या आबांना मराठीत विचारलं, "भरू शकाल का तुम्ही?"

आबा हात जोडून उठले. "व्हय साहेब. यंदा हंगाम चांगला गेला."

टाळं लागण्याचा परिच्छेद न्यायमूर्तींच्या समोर उघडाच होता. त्यांनी तो एकदा वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. माझे कान तापले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "याचिका मागं घ्या. चार आठवड्यांत रक्कम भरून अपील करा. उशिराचं कारण दाखवून ते नाकारलं जाणार नाही, असं आम्ही लिहून देतो."

बाहेर पायऱ्यांवर आबांनी विचारलं, "म्हंजे आपल्याला काय मिळालं?"

"रक्कम भरायची परवानगी," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेतून रक्कम भरली. पुण्यात अपील चाललं, तेव्हा मी एकही निकाल नेला नाही. आबांच्या सुनेनं लावून दिलेल्या दुरुस्तीच्या पावत्या तेवढ्या नेल्या. अधिकाऱ्यांनी त्या एकेक करून पाहिल्या आणि ड्यूटीची मागणी रद्द केली. भरलेली रक्कमही परत आली.

सणसरहून अजून माझ्याकडं कामं येतात. आबाच पाठवतात. "वकील चांगला हाय," ते लोकांना सांगतात, "फक्त त्याला मुंबईला न्यायचं न्हाय."