तेरा वर्षं आणि तीन क्रियापदं

शेवंतामावशींवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या पेठेतल्या इंग्रजी शाळेच्या ऑफिसात. तेरा वर्षं त्या तिथल्या बालवर्गात मदतनीस आहेत. कायम करण्यासाठी मुलाखत होती, म्हणून मी सोबत गेलो.

बाहेरच्या बाकावर मावशी बोटांच्या पेरांवर क्रियापदं मोजत होत्या, जप केल्यासारख्या. गो-वेन्ट-गॉन, डू-डिड-डन.

आत मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "किती वर्षं काम करताय, ते इंग्रजीत सांगा. पूर्ण वाक्यात."

"आय हॅव," मावशी म्हणाल्या आणि अडकल्या. मग म्हणाल्या, "तेरा वर्षं झाली की, बाई."

"पालकांना इंग्रजी लागतं हो, मावशी. पुढच्या वर्षी बघू."

पूर्वीच सुरू झालेलं आणि अजून न संपलेलं काम सांगायला इंग्रजीत तीन क्रियापदं एकमेकांना धरून उभी राहतात: हॅव, बीन, वर्किंग. एकट्या क्रियापदाला एवढी वर्षं पेलत नाहीत, हे त्या भाषेला कळतं. ती शिकवणाऱ्या शाळेला कळत नाही. मावशींना धरायला त्या ऑफिसात कुणी पुढे झालं नाही.

बाहेर येऊन त्यांनी ॲप्रन चढवला. "बाईंच्या लेकाची, चिनूची चड्डी बदलताना कुणी इंग्रजी विचारलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि रडणाऱ्या एका पोरीला उचलायला गेल्या.

तुमचं मूल त्या शाळेत असेल, तर उद्या त्याला फाटकाशी सोडून तसेच परत फिरू नका. ऑफिसात जा. मावशींना कायम कधी करणार, ते विचारा. आणि मराठीत विचारा.