इनोसंटली विचारलेला एक प्रश्न

"ह्यो टॉवेल माझा हाय! ह्यो हळदीचा डाग मी आंधळा झालो तरी वळखंन!"

माझ्या लेकीच्या साखरपुड्यात मुलाचे चुलते ओरडत होते. माणूस वैरागचा, आवाज असा की पार शेजारच्या माढा तालुक्यातली जनावरं दावं तोडून पळाली असणार. मानपान म्हणून मी नुकताच त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला होता, डोक्यावर टोपी ठेवली होती. तो टॉवेल गेल्या साली आमच्या वास्तुशांतीला त्यांनीच मला केलेला आहेर निघाला.

सोलापुरात आहेराचा टॉवेल अंग पुसत नाही, कपाटं फिरतो. एसटीपेक्षा त्याचा प्रवास जास्त. कुणाचा आलाय तेवढं लक्षात ठेवून दुसऱ्याला द्यायचा. आम्ही नेमके तिथंच चुकलो.

"आमचाच टॉवेल आमाला? असल्या घरातली पोरगी करायची न्हाय. उठा रे."

मुलाकडचे निम्मे उठले. लेकीचा चेहरा पांढरा पडला, अंगठी डबीतच. तेवढ्यात बायको पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पाव्हणं, डाग कदी पडला वो? तुमी दिला तवा नवाच हुता की."

मी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं. 'इनोसंटली' म्हणजे निरागसपणे, असं फळ्यावर लिहून लिहून खडूची अख्खी खाण संपवली. बाळ इनोसंटली हसतं, तिथं अर्थ सरळ. पण गोष्टीत एखाद्या बाईनं इनोसंटली विचारलं, की समजायचं, तो शब्द चेहऱ्यापुरता आहे. पोटातलं लेखकालाच ठाऊक.

चुलते थबकले. डाग आधीचा म्हणावा, तर त्यांनी आम्हाला वापरलेला टॉवेल दिला. नंतरचा म्हणावा, तर ओळखला कसा?

मग त्यांनी टॉवेलची घडी घातली, डाग आत गेला.

"तसं बगितलं तर," ते म्हणाले, "सगळे टॉवेल सारकेच दिसत्यात. बसा रे, मुहूर्त चाललाय."

अंगठी बोटात गेली. पंगत उठल्यावर मी बायकोला भांड्यांपाशी गाठलं. "खरं सांग. तू ते सगळं कळून विचारलंस, का सहज?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"डागाचं इचारलं. ते पातेलं हिकडं द्या."