दव दिलेलं नाही

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागला कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर उभी होते. फोन दादाचा होता. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं, "आज कामावर गेली होती ना?" तो म्हणाला, "कामावरून आली, चहा घेतला, ओटीवर जरा टेकली... ती टेकलीच." रेवदंड्यापर्यंत रिक्षाने आले आणि पुढे खाडीच्या बांधावरून चालत. आमच्या गावात शिरण्याआधी डाव्या हाताला सोलर प्लांट लागतो. दुपारची वेळ होती, सगळ्या काचा चकाकत होत्या. बघवत नव्हतं, तरी मी बघत चालले. काकीने त्या दिवशी पहाटे पुसलेल्या काचा त्यांतच कुठेतरी होत्या.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून दादा आणि मी तिचेच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. असं कोणाबद्दल लिहायची मला सवय नाही. वर्गात हात वर करायलाही मी दहा वेळा विचार करते. पण काकीबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि घरात लिहिणारी मीच आहे.

प्लांट जिथे आहे तिथे आमची आणि गावातल्या बऱ्याच जणांची खाचरं होती. पावसाळ्यात भात, भात कापलं की वाल. आमच्याकडच्या वालाला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि थंडीतलं पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. पुढे कंपनी आली, जमिनी भाडेपट्ट्याने गेल्या. काकीनेही सही केली. कोणी फसवलं वगैरे नाही, तिला भात लावणं झेपत नव्हतं, हे तीच सांगायची. नंतर काचा पुसायला गावातल्याच बायका घेतल्या, त्यांत ती लागली. समुद्राकडून येणारा वारा खारट असतो, त्यात धूळ मिसळली की काचांवर चिकट थर बसतो. उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते, म्हणून पुसायचं काम उजाडता उजाडता. दिवस चढला की रांगांमधली हवा भट्टीसारखी होते. काकी म्हणायची, "सूर्य वरनं भाजतो नि ह्या काचा खालनं."

काचांबद्दल तिची काही मतं ठाम होती आणि त्यांतली निम्मी चुकीची होती. काचा ढगांना पळवून लावतात, असं ती म्हणायची. मी पुस्तकातलं समजावून सांगितलं की असं होत नाही. त्या वर्षी एवढा पाऊस झाला की प्लांटमध्ये गुडघाभर पाणी. मी म्हटलं, "बघ, कुठे पळवला पाऊस?" तर म्हणाली, "दुसऱ्या गावचा पळवून हिकडं आणला." तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं मला आठवत नाही.

पण एक गोष्ट तिने पाहिली होती. थंडीत पहाटे काचा दवाने निथळत असायच्या आणि तिरक्या काचेच्या खालच्या कडेवरून थेंब थेंब पडत राहायचे. प्रत्येक रांगेच्या खाली त्या कडेपुरता ओल्या मातीचा पट्टा. बाकी सगळीकडे गवत वाळलेलं, आणि तिथे हिरवी रेघ. तिने मला विचारलं, हे असं का? मी सांगितलं की रात्री आभाळ मोकळं असलं की काच आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होते, खाडीची हवा दमट, म्हणून तिच्यावर पाणी जमतं. मी बऱ्यापैकी लांबलचक सांगितलं असणार. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे उद्या पन पडंल ना?" मी म्हटलं, पडेल. दुसऱ्या दिवशी ती कमरेच्या पिशवीत वाल घेऊन कामाला गेली.

काचा पुसता पुसता तिने त्या ओल्या पट्ट्यात बोटाने एकेक दाणा दाबत वाल टोकले. कोणाला विचारलं नाही. बाकीच्या बायका हसल्या, मग त्यांनीही टोकले. फुलं येईपर्यंत प्लांटच्या साहेबांच्या लक्षात आलं नाही. साहेब नागपूरकडचे, स्वभावाने वाईट नाहीत. लक्षात आलं त्या सकाळी योगायोगाने मी तिचा डबा द्यायला गेले होते.

"बाई, हे काय करून राहिले तुम्ही? हे शेत आहे का?"

"शेतच व्हतं साहेब. तुम्ही वर छप्पर घातलंत."

"जमीन कंपनीच्या ताब्यात आहे. तुम्हीच सही केली ना?"

"केली की. जमीन दिली. दव कुठं दिलंय? तुमच्या काचांना ते नको, तुम्ही तर पगार देऊन पुसून घेता. आमच्या वालांना पायजे."

साहेबांनी एका काचेकडे बोट दाखवलं. एक वेल थेट काचेवर चढला होता आणि त्याची पानं तिच्यावर पसरली होती. एवढ्याशा सावलीनेही अख्ख्या रांगेची वीज कमी होते, असं ते म्हणाले. ते खरं होतं. मी हळूच म्हटलं, "काकी, बरोबर आहे त्यांचं." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू कोनाकडची गं?"

मग ती त्या वेलाजवळ गेली, पान चुरगळून वास घेतला आणि हसायलाच लागली. वाल नव्हताच तो, पावटा होता. आमचे वाल जमिनीलगत पसरतात, पावटा मात्र मिळेल त्यावर चढतो. तिच्या बियाण्याच्या डब्यात दोन्ही मिसळले होते. तिने तो वेल स्वतः उपटला. "ही चूक माझी. पन बाकीच्यांना हात लावायचा न्हाय." एवढं बोलून पुसायचा दांडा मांडीवर आडवा घेऊन ती रांगेत खाली बसली. बाकीच्या बायकाही बसल्या. ऊन चढत होतं, काचा तापत होत्या, अर्ध्या अजून पुसायच्या होत्या. साहेब दोनदा ऑफिसकडे गेले, दोनदा परत आले. शेवटी म्हणाले, खाडीच्या बाजूची शेवटची रांग घ्या, वेल नको, बाकीच्या रांगा मोकळ्या करा. काकी उठली. "एकच रांग?" असं म्हणाली, पण घेतली.

त्या थंडीत गेटबाहेर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मग मडकं उपडं आणि भोवती जाळ. साहेबांना बोलावणं गेलं. शेंग कशी सोलायची हे त्यांना माहीत नव्हतं, ते सालासकट चावायला लागले. "आवो साहेब, नागपूरला शेंगा न्हाय का?" काकीने विचारलं आणि स्वतःच्या हाताने सोलून त्यांच्या पानात टाकल्या. पुढे एकाही वर्षीची पोपटी त्यांनी चुकवली नाही.

काकीचे दिवस झाल्यावर मी तिचा बियाण्याचा डबा घेऊन प्लांटवर गेले. पत्र्याचा डबा, आत राखेत घोळवलेले वाल. गेटवरचा पांडूदादा आमच्याच आळीतला. त्याने मान खाली घातली. "परवानगी काकींची व्हती, असं साहेब म्हनतात. आता त्या रांगेत खडी टाकायचीय, काय उगवू नये म्हनून. वरनं आलंय." गेटजवळ खडीचा ढीग पडलेला दिसत होता. साहेब बाहेर आले. काकीबद्दल वाईट वाटल्याचं बोलले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या."

डबा नुसता दोन्ही हातांत धरून उभी राहिले. शिकलेल्या माणसाने समजून घ्यायचं म्हणजे गप्प बसायचं, असं त्यांना म्हणायचं असेल का... काकी मला कॉलेजला पाठवताना असं काही म्हणाली नव्हती. मी म्हटलं, "सर, काकीने जमीन दिली होती. दव दिलेलं नाही. तिच्यामागे आम्हीही देणार नाही." वाक्य पूर्ण झालं. मागे बादल्या खाली ठेवल्याचे आवाज आले. मी वळून पाहिलं नाही, कामावर आलेल्या बायका बसल्या असणार हे कळलं. साहेब खडीच्या ढिगाकडे बघून आत गेले. ते हो म्हणाले नाहीत. पांडूदादाने गेट उघडंच ठेवलं.

शेवटच्या रांगेत वाल मी एकेक बघून टोकले, पावटे बाजूला काढले.

हे लिहिते आहे तोवर रोपांना पानं फुटली आहेत. खडीचा ढीग गेटजवळ तसाच आहे, आणि ती कधीही पसरली जाईल हे मला ठाऊक आहे. पसरली तर आम्ही ती उपसू. थंडी वाढली की पोपटी लागेल, साहेबांना निरोप धाडला आहे.

कामाला लागण्याआधी काकी रोज एक करायची. शेवटच्या रांगेत जाऊन काचेच्या कडेखाली तळहात धरायची आणि पहिला थेंब पडेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. रविवारी पहाटे मी तिथे जाते. काचा अंधारात नीट दिसत नाहीत, खाडीकडून गार हवा येत असते. मी हात पुढे करते आणि थांबते... थेंब पडतो.