मोजूबाईचं सिलिंडर

गल्लीत तिला सगळे मोजूबाई म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. कपाट घ्यायच्या आधी दार मोजणारी बाई. नवराही मोजूनमापूनच पसंत केला असणार, असं तिचा भाऊ चिडवायचा. गाड्यांच्या इंजिनांची झिजलेली सिलिंडरं आतून कोरून पुन्हा गुळगुळीत करायची, हा तिचा धंदा. हत्यार बोथट झालं की मशीनच्या आवाजावरूनच तिला कळे. असं माणूस शेजारी असणं हे भाग्य, पण शेजाऱ्यांना त्याची किंमत कुठे असते?

मोटारसायकलींची शर्यत तोंडावर आली आणि तिची भाची फडक्यात सिलिंडर गुंडाळून आली. तेल संपलेलं तिच्या लक्षात आलं नव्हतं. पिस्टन घासून आत नख अडकेल असा ओरखडा पडला होता. भाची शंभर सीसीच्या आतल्या गटात धावायची; त्यावर गेलं की गाडी बाद.

"आत्या, एक मिलिमीटर जास्त कोर, मोठा पिस्टन टाकू. मी हिशेब केलाय. व्यास पन्नासाचा एक्कावन्न, म्हणजे दोन टक्के वाढ. सत्त्याण्णव सीसीचे नव्याण्णव होतील. बसतंय."

"गोल भांडं एकाच बाजूने रुंद होतं का गं?"

मोजूबाईने खडू घेतला आणि टेबलावरच मांडलं. नवा व्यास पाच पूर्णांक एक सेंटिमीटर. त्याचा निम्मा घेतला, त्याला त्यानेच गुणलं, मग पायने, म्हणजे तीन पूर्णांक चौदा शतांशाने, गुणलं. शेवटी पिस्टन वरून खाली जेवढा सरकतो त्या अंतराने, म्हणजे पाच सेंटिमीटरला जरा कमी.

"एकशे एक. निम्मा व्यास दोनदा गुणला जातो, म्हणून वाढही दुप्पट. आणि अर्धाच मिलिमीटर कोरलं तर हा ओरखडा जायचा नाही."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. मग ती हळूच म्हणाली, "पण इंजिन पहिल्या तिघांचंच उघडून मोजतात. आपलं कोण बघतंय?"

"म्हणजे पहिल्या तिघांत येणार नाहीस, हे तूच ठरवलंस. मग जातेस कशाला?"

भाची सिलिंडर पुन्हा फडक्यात गुंडाळू लागली. मोजूबाईलाही वाईट वाटलं. पोरीवर तिचा फार जीव होता. तिने बाकीची कामं फळीवर सारली, गिऱ्हाइकांची कुरकुर या कानाने ऐकून त्या कानाने सोडली. सिलिंडरच्या आतली जुनी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी, काढून नवी बसवली आणि ती मुळातल्या पन्नासावर कोरली. वर, मध्ये, खाली, आडवं, उभं मोजलं. समाधान झालं नाही म्हणून जेवून आल्यावर पुन्हा मोजलं.

भाची तिसरी आली.

परीक्षकांनी इंजिन टेबलावर घेतलं. मोजूबाई दोरीपलीकडे पदर मुठीत धरून उभी. वरचं झाकण, हेड, निघालं, आत मोजायचा गेज फिरला, हिशेब होऊन आकडा आला: सत्त्याण्णव सीसी. भाचीने सुटकेचा निःश्वास सोडला. पण परीक्षकांनी सिलिंडर खाली ठेवलं नाही. उजेडाकडे धरून आत डोकावले, बोट फिरवलं आणि शेजारच्यालाही बोलावलं.

मोजूबाईला एकदम भरून आलं. बिघडलेलं इंजिन सगळेच उघडतात. तिचं चांगलं काम मात्र जन्मभर बंद इंजिनांत धावत राहिलं होतं. ते उघडून कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"झालं ना मोजून?" भाची घाईला आली. "लावून द्या की आता."

"थांब गं जरा," मोजूबाई म्हणाली. "बघू दे त्यांना."