आप्पांचं पत्र आणि मी मारलेला व्हायरस

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! हसू नका म्हटलं तरी हसणारच तुम्ही. हसा. बायको हसली, मुलगी हसली, ऑफिसात तर लोक अजून हसतात. मला मात्र अजून नीट हसता येत नाही, त्याचं कारण पुढे कळेलच. पण एक आधीच सांगून ठेवतो. त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी आमच्या बिल्डिंगचा हीरो होतो.

आम्ही मुलुंडला राहतो. मी, माझी बायको वैशाली, मुलगी सई आणि माझे वडील आप्पा. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईत येऊन साठ वर्षं झाली, पण बोलणं अजून मालवणीच. सई त्या महिन्यात ट्रेनिंगसाठी नाशिकला गेली होती. घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, कपाटाएवढा, आवाज करणारा. सईने लॅपटॉप घेतल्यापासून त्याला कोणी हात लावत नव्हतं. फक्त दुपारी आप्पा त्याच्यासमोर बसायचे.

काय करायचे? आम्हाला वाटायचं, पत्ते खेळतात. मी एकदा सुट्टीच्या दिवशी डोकावलो, तर त्यांनी लगबगीने पडद्याचं बटण बंद केलं.

"काय आप्पा, हरताय की काय?"

"तुका काय करूचा हा? जा, चाय पी."

म्हटलं, खेळू दे. या वयात हरतात ते कोणाला दाखवायचं नसेल.

तर त्या रविवारी बिल्डिंगमध्ये मीटर बदलायचं काम होतं. अकरा ते पाच लाईट जाणार, असा आदल्या दिवशीच ग्रुपवर मेसेज आलेला. आमचे सेक्रेटरी मेहताभाई. त्यांनी खास लिहिलेलं, टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळं नीट बंद करून ठेवा, नंतर सोसायटी जबाबदार नाही. आप्पा सकाळीच पिशवी घेऊन मासळी बाजारात गेले होते. साडेदहाला मी कॉम्प्युटरपाशी गेलो. पडदा काळा, पण खालचा डबा घुं घुं करतोय. म्हणजे आप्पा नुसता पडदा बंद करून उठतात! किती दिवस हा डबा चालू होता देव जाणे.

पडद्याचं बटण दाबलं. मागे सईचा डोंगरावरचा फोटो, बाकी काही नाही. मी शटडाऊन केलं आणि स्क्रीनभर निळा रंग पसरला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की एक प्रोग्रॅम मला बंद होऊ देत नाहीये. खाली त्याचं नाव, 'अनटायटल्ड'. पुढे बारीक अक्षरात अजून काहीतरी होतं. पण ते कोण वाचतो! चष्मा आतल्या खोलीत होता.

अनटायटल्ड! म्हणजे बेनाव! माझ्या घरात, माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसून कोणीतरी मला अडवतोय आणि नावसुद्धा सांगत नाही?

दुसरा कोणी असता तर त्याने शांतपणे वाचलं असतं. मी दिघेला फोन लावला. दिघे माझ्या ऑफिसातला, मालाडला राहतो. ऑफिसातला प्रिंटर अडकला की कागद हाच ओढून काढतो. त्यामुळे आम्ही सगळे त्याला कॉम्प्युटरमधला दादा मानतो.

"दिघ्या, अरे कॉम्प्युटर बंदच होत नाहीये. आतून कोणीतरी अडवतंय म्हणतो."

"कोण?"

"नाव सांगत नाही. अनटायटल्ड."

मग दिघे हळू आवाजात म्हणाला, "यार, हा व्हायरस आहे. नाव लपवून कोण फिरतं? सांग ना!"

"आता?"

"अजून काय लिहिलंय?"

मी डोळे बारीक करून वाचलं. "परत जाऊन काम सेव्ह करायचं असेल तर कॅन्सल दाबा, म्हणतो. नाहीतर तरीही बंद करा, म्हणतो."

"तू काय काम करत होतास?"

"काहीच नाही रे. आत्ता तर येऊन बसलो."

"बघ! तू काम केलंच नाहीस, मग सेव्ह काय करायला सांगतो? सापळा आहे हा, सापळा! कॅन्सल दाबलंस की घुसलाच. फोटो, बँक, आधार, सगळं गेलं. वाट लागली म्हणून समज."

काय लॉजिक होतं! मला तर शंभर टक्के पटलं. खरं सांगतो, आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. कारण त्या बिचाऱ्या मशीनने मला अगदी सभ्य भाषेत सांगितलं होतं की बाबा रे, कोणाचं तरी काम बाकी आहे, एकदा मागे जाऊन बघ. माझं काम नसेल तर दुसऱ्या कोणाचं असू शकतं, हा विचारच आला नाही.

वैशाली स्वयंपाकघरातून आली. "अहो, सईला एक फोन करा ना."

"सई काल जन्मलेली पोरगी! हा तिच्या आवाक्यातला व्हायरस नाही."

"पण एकदा विचारायला काय जातं?"

"तू आधी वायफायची वायर काढ!"

तिने वायर काढली. मी मोबाईल घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाइप केलं, 'सावधान! बिल्डिंगमध्ये एक बेनाव व्हायरस शिरला आहे. कोणीही कॅन्सल दाबू नये.'

झालं! पाच मिनिटांत दारात गर्दी. मेहताभाई आधी सीसीटीव्ही बंद करून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी म्हणे मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरला. सगळे माझ्या मागे उभे राहून निळ्या स्क्रीनकडे बघतायत, जसं काही आत साप बसलाय.

"प्रकाशभाई, अभी क्या करेंगे?" मेहताभाईंनी विचारलं. "मीटरवाला खाली आ गया है."

"सोडायचा नाही," मी म्हटलं. असं मी म्हटलं, हो! आवाजसुद्धा जरा भारी काढला. दिघे फोनवर, स्पीकर चालू. "दाब प्रकाश, 'तरीही बंद करा' दाब! बिनधास्त!"

मी माऊसवर हात ठेवला. सगळ्यांकडे एकदा बघितलं. आणि दाबलं.

स्क्रीन काळी. डब्याची घुरघुर थांबली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली. टाळ्या, हो! माझ्या हॉलमध्ये!

तेवढ्यात आप्पा दारात. हातात मासळीची पिशवी, कपाळावर घाम. "काय झाला रे? कोण गेला?"

"आप्पा, व्हायरस होता कॉम्प्युटरमध्ये! मारला मी त्याला!"

आप्पांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मेलो तो बरा झाला."

आप्पांनी मला आयुष्यात दोनदा शाबास म्हटलं. एकदा नोकरी लागली तेव्हा, आणि एकदा हे.

पाच वाजता लाईट आली. चहा झाला. आप्पा नेहमीसारखे कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. बराच वेळ झाला तरी टकटक काही ऐकू येईना. मग आवाज आला.

"प्रकाश... माजा लिवलेला खंय गेला?"

"काय लिहिलेलं?"

"ह्या हय होता. खालच्या पट्टीत. दाबला काय वर येय."

मी उठलो. आप्पा एका बोटाने स्क्रीनच्या खालच्या कडेला दाबत होते. माऊसने नाही, बोटाने. जसं काही चिकटलेलं असेल तर सुटून वर येईल.

आणि मग, काय सांगू, माझ्या डोक्यात ती बारीक अक्षरं एकदम मोठी झाली. मी सईला फोन लावला. जो सकाळी लावायला हवा होता तो.

"बाबा, तुम्ही शटडाऊन केलं?" ती किंचाळलीच. "अहो, आजोबा काहीतरी लिहीत होते! मीच मराठी टायपिंग शिकवलं त्यांना, नोटपॅडमध्ये. म्हटलं नुसतं लिहा, उठताना ही छोटी रेघ दाबा म्हणजे लपेल. बंद करू नका, मी आले की सेव्ह करून प्रिंट काढून देईन. 'अनटायटल्ड' म्हणजे नाव दिलं नाही अजून, बाबा! व्हायरस कसला!"

"परत येईल ना ते?"

"नाही, बाबा. सेव्हच केलं नव्हतं ते," ती म्हणाली.

आप्पा खुर्चीतच बसून होते. मी विचारलं, "आप्पा, काय होतं ते?"

"पत्र होता," ते म्हणाले. "वसंताक."

वसंता म्हणजे माझा काका, आप्पांचा धाकटा भाऊ, मानखुर्दला असतो. अकरा वर्षं दोघांचं बोलणं नाही. आत्याच्या तेराव्याला आप्पा सगळ्या पंगतीसमोर काकाला म्हणाले होते, "बहीण आजारी होती तेवा खंय होतंस? आता जेवूक बरो इलंस!" काका भरल्या ताटावरून उठला तो गेलाच. आणि पुढे कधीतरी आप्पांना कळलं की आत्या हॉस्पिटलात असताना रोज तिच्या उशाशी काकाच बसायचा, कोणाला न सांगता. हे कळूनही आप्पांनी इतकी वर्षं घालवली. हात थरथरतो म्हणून पेन धरवत नाही, आणि फोनवर बोलायची हिंमत नाही. म्हणून एका बोटाने, रोज दुपारी, तीन आठवडे ते लिहीत होते. एका दिवशी चार ओळी, एका दिवशी एक.

आणि मी ते टाळ्या वाजवून घेत मारलं.

आप्पा मला रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर झकास झालं असतं. ते फक्त "आता ऱ्हवांदे" म्हणाले आणि बांगडे साफ करायला गेले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरपाशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसातून आलो की पहिली ती रिकामी खुर्ची दिसायची. ग्रुपवर लोक अजून माझं अभिनंदन करतायत आणि मी घरात चोरासारखा फिरतोय.

शेवटी म्हटलं, "आप्पा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. शब्द न् शब्द."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुज्या म्होरं कसा सांगू रे? ता माजा आणि त्येचा होता."

रात्री जेवताना वैशालीच म्हणाली, "आप्पा, पत्र गेलं, काका तर आहेत ना? यांना घेऊन जा मानखुर्दला. यांनी घालवलंय, यांनाच पोहोचवू द्या."

पुढच्या शनिवारी मी रिक्षा केली. मुलुंड ते मानखुर्द आप्पा ताठ बसून होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दोन्ही हात. काकाच्या दारात आम्ही उभे राहिलो. काकाने दार उघडलं. तोही म्हातारा झालेला. दोघं एकमेकांकडे बघतायत. मला वाटलं, आता आप्पा ते सगळं बोलतील, तीन आठवडे साठवलेलं.

आप्पांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

"तुका मोठा पत्र लिवलंलंय, वसंता. ह्या गाढवान घालवल्यान!"

काकाने माझ्याकडे बघितलं. मग आप्पांकडे. "भायर कित्याक उभो रवलंस? ये."

आत गेलो. चहा आला. आप्पांनी सगळी कथा सांगितली, व्हायरस, टाळ्या, दिघे, तांदळाचा डबा. आणि काका मला जे काही बोलला ना! अर्धा तास! तो थांबला की आप्पा सुरू, आप्पांना धाप लागली की काका. अकरा वर्षांनी दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, की माझ्यासारखा गाढव खानदानात झाला नाही. मी मान खाली घालून खारी खात होतो. मनात म्हटलं, बोला, अजून बोला. संपवू नका.

तेराव्याचा विषय शेवटपर्यंत निघालाच नाही. आप्पा पाणी प्यायला आत गेले तेव्हा काका माझ्या शेजारी सरकला. आवाज उतरलेला.

"माका जल्मात कोणी पत्र धाडूक नाय रे, प्रकाश. ह्या एकच येवचा होता." मग जरा थांबून, लाजल्यासारखं त्याने विचारलं, "काय लिवलेलान त्येना?"

"माहीत नाही काका," मी म्हटलं. "मी वाचलं नाही."

काका माझ्याकडे बघतच राहिला.

"वाचूक नाय," तो म्हणाला, "आणि मारलंस?"