पितळेचा बिल्ला

"पूस," सुपरवायझर म्हणाला. "स्वतःच्या पदराने पूस."

मी पुसलं. अंधेरीच्या औषधाच्या कारखान्यात, गोळ्या भरायच्या टेबलाखाली, सगळ्याजणींच्या देखत. लघवी माझीच होती. संडासला जायला आम्हा बाराजणींत एकच पितळेचा बिल्ला. तो खिळ्यावर नसेल तर जागचं हलायचं नाही. त्या दिवशी बिल्ला दुसऱ्या बाईकडे होता आणि मी पोटुशी होते. किती वेळ दम धरणार? काचेच्या केबिनमधून मालक बघत होते. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे तेच मालक.

शेजारची शेवंतामावशी मदतीला वाकली. सुपरवायझर तिला म्हणाला, "तू गोळ्या भर गं."

नवऱ्यालाही सांगितलं नाही. लाज मलाच वाटत होती. आज त्या लाजेचाच राग येतो.

मे महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे संत जोसेफचा सण, कामगारांचा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, जो तो आपलं अवजार वेदीपाशी ठेवतो आणि फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. सुतार करवत ठेवतो, गवंडी थापी. मी गोळ्या भरणारी, माझं अवजार कुठलं? आदल्या संध्याकाळी कारखान्यातून निघताना मी बिल्ला खिळ्याला अडकवलाच नाही. रुमालात बांधून घरी आणला.

मिस्साआधी चर्चच्या हॉलमध्ये भाषणं होती. कॉलेजचे एक प्रोफेसर म्हणाले, "मजुरी ही श्रमाची किंमत. ती बाजार ठरवतो. यंत्र थांबलं की नुकसान."

फादर ताडकन उठले. "यंत्राला मालक असतो, माणसाला नसतो. कामगाराची अब्रू बाजारात मांडू नका."

माझे डोळे भरून आले. याच फादरनी माझं लग्न लावलं होतं. वाटलं, हा माणूस आपला. मी उभी राहिले.

"फादर, आम्हाला लघवीला जायला बिल्ला लागतो. मागल्या महिन्यात तो मिळाला नाही. जागेवरच झाली. माझ्या पदराने पुसायला लावली."

मालक पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसले. प्रोफेसर खाली बघून म्हणाले, "बाई, आमच्या शास्त्रात याला जागा नाही." निदान खरं बोलले.

फादर मालकांकडे बघत म्हणाले, "बाळ, असले विषय इथे नकोत. नंतर बोलू."

तरी मिस्साला मी बिल्ला ठेवला, थापीशेजारी. फादर पाणी शिंपडत आले. करवत झाली, थापी झाली. बिल्ल्यापाशी हात थांबला. त्यांनी ओळखला. मग दोन बोटांनी तो बाजूला सारला आणि पुढच्या हातोड्यावर पाणी शिंपडलं. पदराने पुसतानासुद्धा मी रडले नव्हते. तिथे रडले.

बिल्ला उचलला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा. सुपरवायझर ओरडला, "बिल्ला कुठाय?"

"माझ्याकडे. देणार नाही."

"मग आज कुणीच जायचं नाही."

मी उठले. त्याच्या समोरून चालत संडासला गेले. मागे कुणी उठलं का, ते बघितलं नाही. त्याच दिवशी काम गेलं.

नंतर खूप ठिकाणी राबले. जिथे बिल्ला दिसला, तिथे पहिल्याच दिवशी खिळ्यावरून काढून सुपरवायझरच्या हातात दिला. सांगितलं, "हा तुझा तू ठेव. मला जायचं असेल तेव्हा मी जाईन." कामं गेली. जाऊ देत. चर्चमध्ये, देवाच्या दारातही, मी आता कुणाला विचारून उठत नाही.