साडेदहा ते बारा, थिएटर रिकामं

सकाळचे सव्वादहा. ओटी नंबर तीन पुसून, मांडून तयार. आत टेबलावर कोणी नाही. बाहेर स्ट्रेचरवर मारुती, आणि त्याच्या उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं.

बेंगळुरूच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ओटी इनचार्ज सिस्टर आहे. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. कुठलं ऑपरेशन कुठल्या खोलीत, किती वाजता, याची लिस्ट मी लिहिते. निपाणीकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बी.एस्सी. नर्सिंग मी कुणाच्या चिठ्ठीवर केलेलं नाही. हे अशासाठी सांगते, की त्या दिवशी मला माझी पायरी दाखवण्यात आली.

मारुती यशवंतपूरच्या मार्केट यार्डात बटाट्याची पोती उचलतो. मागे येणाऱ्या ट्रकखाली पाय सापडला. सातला तो इमर्जन्सीत आला, तिथे लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. मी वॉर्डबॉयशी कन्नडमध्ये बोलत होते, तरी माझ्या हेलावरून मारुतीनं ओळखलं, की मी त्याच्याच भागातली. तो चिकोडीचा.

"अक्का, पाय राहील न्हवं?"

"राहील," मी म्हणाले. खोटं नाही बोलले. वेळेत झालं तर राहणार होता.

अशा फ्रॅक्चरमध्ये दोन कामं असतात. आधी जखम आत शिरून धुवायची, मेलेलं मांस काढायचं, हाडाला बाहेरून सळया लावून ते स्थिर करायचं. हे हाडांचे डॉक्टर करतात. मग उघडं हाड मांस-कातडीनं झाकायचं. ते प्लास्टिक सर्जनचं काम. झाकायला उशीर झाला की हाडात पू धरतो, आणि हाडातला पू सहजासहजी जात नाही. जिथे दोघेही डॉक्टर रोज हजर असतात आणि एक थिएटर अपघातासाठी राखलेलं असतं, तिथे हे काम वेळेत उरकतं. आमच्या गेटवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत 'ट्रॉमा सेंटर, २४ तास' लिहिलंय. प्लास्टिक सर्जन मात्र व्हिजिटिंग. मंगळवारी आणि शुक्रवारी येणार, तीनला जयनगरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात जाणार.

तो दिवस शुक्रवार होता. सकाळी जखम धुतली असती तर दुपारी ते झाकून गेले असते.

ड्यूटीवरच्या हाडांच्या डॉक्टरांनी आठलाच सुचवलं होतं, की आपल्याकडे थिएटर मिळणार नसेल तर याला सरकारी हॉस्पिटलात पाठवू, तिथे दोन्ही टीम आहेत. आमचे सुपरिंटेंडेंट सर म्हणाले, आलेली केस बाहेर जाता कामा नये. मी तिथेच उभी होते. गप्प बसले. ती चूक माझी.

आमच्याकडची रीत अशी. लिस्टवर आधी ठरलेली ऑपरेशनं लिहायची, पॅकेजवाली. खाली एक रेघ मारायची. रेघेखाली अपघाताच्या केसेस, 'अ‍ॅड-ऑन' म्हणून. वरची सगळी संपली की खालच्यांचा नंबर. इतकी वर्षं ती रेघ मीच मारत आले होते.

आणि त्या दिवशी वरच्यांतलं एक मागे सरकलं. तीन नंबरला साडेदहाला पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. घरच्यांनी सांगितलं, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, बाराच्या आधी पेशंटला आत न्यायचं नाही. सर्जनही 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले. मी त्या घराला नावं ठेवत नाही. माझी आईसुद्धा राहुकाळात उंबरा ओलांडत नाही. पण श्रद्धा त्यांची होती, थिएटर आमचं होतं.

मी सरांना फोन लावला. मारुतीला तीन नंबरला घेते म्हणाले. हाडांचे डॉक्टर तयार आहेत, भूल देणारे तयार आहेत, बारा-साडेबारापर्यंत बाहेर काढतो.

"आणि साडेबाराचा एक झाला तर? ते डीलक्स रूमचे पेशंट आहेत, सिस्टर."

"सर, त्यांचे खडे तासभर थांबतील. हा पाय थांबणार नाही."

"तुम्ही लिस्ट लिहा. कुणाचं काय थांबेल ते डॉक्टर ठरवतील."

डॉक्टरांनी सकाळीच ठरवलं होतं. ऐकलं कुणी?

साडेदहा ते बारा तीन नंबरचा एसी रिकाम्या टेबलावर वारा घालत होता. मारुती दाराबाहेर दात आवळून पडला होता. मी दोनदा त्याच्या पायाचं ड्रेसिंग पाहिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्याला आत घेतलं तेव्हा चार वाजले होते. प्लास्टिक सर्जन तीनलाच गेले. रविवारी ताप चढला. मंगळवारी प्लास्टिक सर्जननी पट्टी सोडली आणि म्हणाले, आता पू आहे, झाकता येणार नाही, पुन्हा धुवा. पुन्हा, आणि पुन्हा धुतला. दहा-बारा दिवसांत घरी जाणारा माणूस सहा आठवडे राहिला.

डिस्चार्जच्या दिवशी त्याची बायको शोभा बिलाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"अक्का, पहिल्या दिवशी सांगितलेलं एक, झालं तिप्पट. पाय तर एकच होता न्हवं?"

मी तो कागद हातात घेतला. दुसऱ्या, तिसऱ्या धुण्याचे पैसे, महागडी अँटिबायोटिक्स, वाढलेले दिवस, सगळं त्या दीड तासातून निघालं होतं. आणि उशीर आम्ही केला, बिल तिला दिलं.

एक गोष्ट मात्र मी त्याच शुक्रवारी केली होती. ओटी रजिस्टरात 'उशिराचं कारण' असा रकाना असतो. रीतीप्रमाणे तिथे 'पेशंट अनफिट' लिहून मोकळं व्हायचं. मी लिहिलं: 'ओटी ३ साडेदहा ते बारा रिकामी, राहुकाळामुळे. ओपन फ्रॅक्चरचा पेशंट दाराबाहेर.' खाली सही, वेळ.

महिन्याभरानं क्वालिटी ऑडिटवाले येणार म्हणून सरांनी रजिस्टर मागवलं. पान पाहून मला बोलावलं.

"हे काय लिहिलंय? खोडा."

"मी खोडणार नाही, सर. चुकीचं असेल तर तुम्ही खाली लिहा आणि सही करा."

"फार शिकलात तुम्ही."

"हो सर. घरात पहिलीच."

सरांनी सही केली नाही. सही केली असती तर 'पेशंट अनफिट' हे खोटं त्यांच्या नावावर गेलं असतं. ऑडिटवाल्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं, फोटो काढला आणि सरांना विचारलं, ट्रॉमा सेंटर कुठाय?

आता दोन नंबरचं थिएटर सकाळी बारापर्यंत अपघाताच्या केसेससाठी राखलेलं असतं. रेघ मी अजून मारते, पण अपघाताची नावं तिच्या वरच्या बाजूला लिहिते. प्लास्टिक सर्जन अजून मंगळवार-शुक्रवारच येतात. गेटवरच्या पाटीला तेवढे नवे दिवे लागलेत.

मारुतीचा पाय राहिला. गुडघ्याखाली वाकडा, पण राहिला. पोतं उचलता येत नाही, यार्डाच्या गेटवर गाड्यांचे पास तपासतो. परवा तपासणीला आला तेव्हा मीच त्याला विचारलं, पाय दुखतो का. म्हणाला, चालताना नाही, उभा राहून वाट बघताना दुखतो.

ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, अपघात झाला तर कुठल्या हॉस्पिटलात न्यावं, मशीन कुणाकडे नवीन आहे. मी सांगते, मशीन सोडा. दारातच दोन प्रश्न विचारा. अपघातासाठी थिएटर रिकामं आहे का? प्लास्टिक सर्जन आज आहेत का? दोन्हीला 'बघू' असं उत्तर आलं, तर गाडीचं इंजिन बंद करू नका.